डावऱ्या गाठीचा कडबा

माघ सरत आला. रानात जवारी वाळून कडक झाली आहे. वारा सुटला की साऱ्या रानाचा एकच आवाज येतो, कुणी कोरड्या पत्रावळी चाळाव्यात तसा. वाडीतली निम्मी माणसं ऊस तोडायला गेली आहेत, ती आता पाडव्याच्या पुढंमागंच येतील. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्या बायांनी सुगी उरकायची, असा आता रिवाजच झाला आहे. म्हणून या वयातही मला रानात यावं लागतं. उपटायचं काम माझ्याच्यानं होत नाही. मी बांधाला बसून पेंढ्या बांधते.

थोरला लेक दत्तू रेडिओ आणतो आणि बाभळीला अडकवतो. बातम्या लागल्या की सगळ्यांना गप्प बसवतो. परवा कुठल्याशा लांबच्या लढाईचं निघालं. मोठमोठे देश एके ठिकाणी जमून कुणी काय मदत द्यायची ते ठरवत होते. त्यात एक लहानसा देशही गेला होता.

"आई, ऐकलं का," दत्तू म्हणाला. "आपल्या बीड जिल्ह्याएवढा देश हाय म्हणं. पर मोठ्यांच्या पंगतीला बसला."

"द्यायला काय निघालाय?"

"कापडं, दवापाणी, आन थोडा दारूगोळा."

"आन मागितलं काय?"

"त्ये न्हाई सांगितलं."

"अट घातली का काही?"

"तुला कावून पाहिजे गं ही चौकशी? तू पेंढ्या बांध."

मी पेंढ्या बांधल्या. पण डोक्यातून ते जाईना. आमची वाडीसुद्धा एकदा अशी बोलाचालीला गेली होती. जर्मनच्या पहिल्या लढाईत, मी नऊ-दहा वर्षांची असताना. हसू नका. गेली होती. माझा बाप गेला होता.

वाडी तेव्हा अकरा घरांची होती. धारूरकडून घाट चढून आलं की खडकाळ माळ लागतो, त्याच्या पोटात. राज्य निजामाचं. ते आमच्यापर्यंत पोचायचं ते एवढंच, की कागद उर्दूत यायचे आणि आम्हाला वाचता यायचे नाहीत. एवढ्याशा वस्तीला सरकारी यादीत वेगळं गाव धरलेलं होतं, कारण कुणा जुन्या माणसानं भांडून वेगळी पाटीलकी घेतली होती. ती बापाकडं आली. अकरा घरांचा पाटील. मोठ्या गावची माणसं त्याला पाटील म्हणताना जरा थांबायची आणि हसू गिळायची.

आई धर्मापुरीची. डावरी. विळा डाव्या हातात, भाकरी डाव्या हातानं थापायची. वाढताना मात्र उजवा हात, कारण सासूनं चटके देऊन तेवढं शिकवलं होतं. पेंढी बांधताना कुणी तिला अडवलं नाही. पेंढी गुरं खातात आणि गुरांना चालतं. मीही तिच्यासारखी डावरी निघाले तेव्हा आजी म्हणाली होती, "एक होती त्येच बास होतं."

पेंढी बांधायला तेव्हा सुतळी नव्हती. चार नरम ताटं पिळून त्यांचाच दोर करायचा, त्याला आळा म्हणतात. आळा पेंढीखालून घ्यायचा, वर गुडघा रोवायचा, दोन्ही टोकं ओढून पिळायची आणि पीळ खाली खोचायचा. सगळी दुनिया पीळ एका अंगाला देते. आईचा दुसऱ्या अंगाला जायचा, आणि खोचलेलं टोक वर यायचं, शेळीच्या कानासारखं. अकरा घरांच्या पेंढ्या एकत्र टाकल्या तरी आईची पेंढी लांबून कळायची. सोडणारा माणूस सवयीनं नेहमीच्या बाजूला पिरगळायचा आणि गाठ आणखी आवळायची. मग शिव्या द्यायचा आणि विळ्यानं कापायचा.

न कापता एका हातानं ती गाठ सोडणारा एकच माणूस होता, माझा भाऊ ग्यानबा. गाठीचा कान धरायचा, उलटा पीळ द्यायचा, की पेंढी उघडी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. जनावरांचा त्याला नाद. शेजारच्या थोरल्या गावच्या देशमुखांची घोडी कुणाला हात लावू द्यायची नाही, ती याच्या खांद्यावर तोंड टाकून उभी राहायची. रिसाल्याची, म्हणजे घोडदळाची, माणसं घोडी बघायला आली. त्यांनी घोडी तिथंच ठेवली आणि ग्यानबाला नेलं. साईस म्हणून, घोड्यांचं दाणापाणी आणि खरारा करायला. बापाला वाटलं छावणीत राहील, सणाला येईल. पुढं कळलं की लढाईसाठी घोडी जहाजात चढवली आणि त्यांच्याबरोबर यालाही.

जहाजात घोडा कसा उभा राहतो हे आईला शेवटपर्यंत समजलं नाही. ती कामात मध्येच थांबून विचारायची, "खाली पाणी हालतंय म्हणल्यावर घोडं बुजत न्हाई का?" कुणी काय सांगणार. समुद्र वाडीत कुणीच बघितला नव्हता.

त्या सुगीचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. कणसं खुडलेल्या ताटांचा गोडसर वास. मानेत शिरलेली टोचरी कूस. हुरड्याच्या आगटीची राख आणि त्या राखेत उरलेले दाणे टिपणाऱ्या चिमण्या. पेंढ्यांच्या सावलीत पाय ताणून पडलेलं कुत्रं. जवारी त्या साली माणसाच्या डोक्यावर हातभर गेली होती आणि पाला हिरवटच वाळला होता. असा कडबा गुरं शेवटच्या काडीपर्यंत खातात. तसं पीक पुन्हा बघितलं नाही असं मला वाटतं. पण म्हातारपणी सगळ्यांनाच असं वाटतं, म्हणून त्यावर मी भरवसा ठेवत नाही.

सुगी अर्ध्यात असताना ग्यानबाचं पत्र आलं. अर्थात उर्दूत. बापानं थोरल्या गावच्या मुलाणी चाचांना बोलावून आणलं. त्यांना वाचता यायचं आणि ते कुणाला नाही म्हणायचे नाहीत. चाचा खळ्यात पोत्यावर बसले, कागद लांब धरला आणि वाचू लागले, "वालिद साहेब की खिदमत में..."

आई म्हणाली, "हा माजा न्हाई. दुसऱ्याच्या लेकाचा कागद आणलाय तुमी."

"त्याचाच हाय भाभी. शब्द मुन्शीचे, हाल त्याचे. आयको तर."

हाल असे होते. पाऊस थांबत नाही. चिखलात घोड्यांचे पाय कुजतात. चारा पुरत नाही. घोडी एकमेकांच्या शेपट्या खातात, गाडीचं लाकूड कुरतडतात. माझ्या हाताखालची घोडी माझ्या अंगरख्याची बाही चावते. आणि शेवटी, आईनं बांधलेली एक पेंढी इथं असती तर चार घोडी जगली असती.

चाचांनी कागदाची घडी घातली.

"एक पेंढी म्हणला?" आईनं विचारलं.

"हौ. एक."

आई उठली आणि बांधायला गेली. रडली वगैरे नाही. आमच्याकडं सुगीत रडत नाहीत, वेळ नसतो.

आठ दिवसांत कचेरीचा सांगावा घेऊन सरकारी जवान आला. तालुक्याच्या गावी कचेरीत सगळ्या पाटलांनी जमायचं होतं. लढाईसाठी कोणतं गाव काय देतं ते बोलून ठरवायचं होतं. घोंगड्या हव्या होत्या, माणसं हवी होती, आणि घोड्यांसाठी कडबा हवा होता. तोवर कचेरीनं बापाला बोलावलं होतं ते हुकूम ऐकायला. बोलायला बोलावलं ते पहिल्यांदाच. त्यानं पटका धुऊन वाळत घातला आणि तो वाळेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिला.

मोठी चुलती सुंदराकाकू शेजारच्या घरात राहायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती कुडावरून म्हणाली, "भाऊजी, चाललाव तर कायतरी मागून या. नुसतं देऊन येऊ नगा. हीर मागा. उन्हाळ्यात दीड कोसावरनं पाणी वाहतो आमी."

"लढाईत हीर कुठं मागत्यात, वैनी?"

"मग कवा मागत्यात? त्यांची गरज सरल्यावर?"

काकू बरोबर होती. हे मला आता म्हातारपणी कळलं असं नाही. तेव्हाही सगळ्यांना कळत होतं.

आईनं वेगळंच सांगितलं. मी तिथंच होते. ती म्हणाली, "कडबा द्यायचा आसंल तर माज्या हातचा द्या. आन त्येंला म्हणावं, आळा सोडू नगा. हाय तसा न्या. पेंढी ग्यानबाच्या हातात पडली की त्याला गाठ कळंल."

 बाप म्हणाला, "हां. कळंल."

आम्हाला जगात एकच रिसाला माहीत होता. त्यात ग्यानबा होता. कडबा रिसाल्याला जाणार होता. मग तो दुसऱ्या कुणाच्या हातात कसा पडेल? इतका सरळ हिशोब होता तो. आज दत्तूला सांगितलं तर तो हसेल. त्याला नकाशा वाचता येतो.

कचेरीतलं बोलणं मी ऐकलं ते मुलाणी चाचांकडून. बापाबरोबर तेही गेले होते, तिथली बोली याला समजावून सांगायला. चाचा ते फार रंगवून सांगायचे आणि बाप मध्ये "हां" म्हणायचा. कचेरीत जाजम अंथरलेलं. देशमुख आणि मोठ्या गावचे पाटील तक्क्यांना टेकलेले. बापाला जागा मिळाली ती दाराशी, जोडे काढतात तिथं. तहसीलदार साहेबांनी आधी भाषण केलं. आपले हुजूर आणि इंग्रज दोस्त आहेत, दोस्त अडचणीत आहे, सगळ्यांनी हात लावायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग सौदा सुरू झाला. थोरल्या गावच्या देशमुखांनी यंदा किडीनं सगळं खाल्लं म्हणून रडगाणं लावलं, थोडासा कडबा कबूल केला आणि बंदुकीचा परवाना मागितला. दुसऱ्यानं घोंगड्या दिल्या आणि वेठबिगारीतून सूट मागितली. तिसरा म्हणाला मी माणसं देतो, आणि शेजारच्या गावच्या माणसांची नावं सांगू लागला. त्यावरून शेजारचा पाटील उठून अंगावर गेला. "लढाईवर बी इतना नै लडते लोगां," चाचा म्हणायचे.

शेवटी पेशकारानं, कचेरीतल्या कारकुनानं, यादीतून आमच्या वाडीचं नाव वाचलं. "ये कहाँ है?"

"हाय की," देशमुख म्हणाले. "आमच्या ओसरीएवढं गाव हाय साहेब. त्ये बघा, जोड्यात बसलंय."

सगळे हसले. बाप उभा राहिला.

"आमी निम्मा कडबा देतो," तो म्हणाला. "अकराच्या अकरा घरांचा, निम्मा निम्मा."

हसणं थांबलं. साहेबांनी मान वर करून पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "और चाहते क्या, पटेल?"

"आळा सोडू नका. बांधलाय तसाच लढाईवर न्या. दुसरं काय न्हाई."

साहेबांना कळेना. त्यांनी चाचांना पुन्हा विचारायला लावलं. उत्तर तेच आलं. देशमुख म्हणाले, "अहो पाटील, आळ्यात काय सोनं बांधताव का?"

 लेकाचं नाव त्या जाजमावर काढावं असं बापाला वाटलं नाही. ते त्यानं काढलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. झालं नसतं. लोक हळहळले असते आणि तेवढंच लिहिलं असतं.

साहेब खूश झाले होते. दिवसभरात न रडता देणारा हा पहिला माणूस. पेशकाराला म्हणाले, "लिख लो. शर्त मंजूर." पेशकारानं लिहिलं. बाप ते पुढं किती वेळा सांगायचा, "माज्या म्होरं लिवलं. बोरू शाईत बुडवला आन लिवलं."

तो परत आला तेव्हा काकू वेशीतच उभी होती. "काय आणलं, भाऊजी?"

"शर्त मंजूर झाली."

"हिरीची?"

"आळ्याची."

काकूनं कपाळावर हात मारला. "राजाच्या दारात गेला आन डावरीची गाठ मागून आला!" पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिनंच आपला निम्मा कडबा आमच्या खळ्यात आणून टाकला. वाडीचं एकच माणूस लढाईत होतं आणि ते ग्यानबा होतं. पाटलानं शब्द दिला होता, तो दहाही घरांनी पाळला.

त्या सगळ्या पेंढ्या आईनं सोडल्या आणि आपल्या हातानं पुन्हा बांधल्या. ग्यानबाच्या हाती कोणती पडेल याचा भरवसा काय? मी तिला आळे पिळून द्यायची. तिच्या तळहाताची साल गेली, तिनं हाताला फडकं गुंडाळलं, फडक्यानं पीळ नीट बसेना म्हणून ते काढून टाकलं. खळ्यात जिकडं बघावं तिकडं शेळीचे कान. शेवटची पेंढी बांधून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "जहाजात भिजायची न्हाई ना?" बाप म्हणाला, "सरकारचं जहाज हाय. वर छप्पर आसंल."

गाड्या घाट उतरून गेल्या. वंगण कमी पडलेल्या एका चाकाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्या उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगते. वैशाखात वाडीतला कडबा संपला. गोठ्यांवर अंथरलेली जुनी ताटं ओढून गुरांना घातली. मग बाभळीच्या शेंगा, मग बोरीचा वाळका पाला. दावणीला बांधलेली गाय दावं चघळायची आणि आपण जवळ गेलो की आपल्या रिकाम्या हाताकडं बघायची. आमची गाय गेली. काकूचा बैल गेला. ती आमच्या दारात आली, आम्हाला वाटलं आता शिव्या देणार. ती आईला म्हणाली, "माजा बैल तुज्या ग्यानबाच्या घोड्यानं खाल्ला गं." आणि जात्यावर बसून आमचं दळण दळू लागली.

तशात आई रोज एकदा विचारायची, कडबा आता कुठवर गेला असेल. बाप बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "चढला आसंल जहाजात." मग काही दिवसांनी, "पोचला आसंल."

श्रावणात माझे डोळे आले. हकिमाला दाखवायला बाप मला तालुक्याच्या गावी घेऊन गेला. हकिमानं डोळ्यांत काहीतरी झोंबणारं घातलं. तिथून बाप कचेरीकडं वळला. कडबा पोचल्याचा काही कागद आला का, ते त्याला विचारायचं होतं. पेशकार जेवायला गेला होता. आम्ही भिंतीच्या कडेनं मागच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबलो.

तिथं एक काळा ढीग होता. वर गवत उगवलेलं, कडेला दोन शेळ्या. मला डोळ्यांनी सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं, म्हणून मी जवळ गेले. कुजका, आंबूस वास. खालच्या पेंढ्यांचा चिखल झाला होता. वरच्या अजून पेंढ्या होत्या, आणि प्रत्येकीवर कान उभा होता. काळा पडलेला, पण उभा.

"आबा," मी म्हणाले, "ह्या आईच्या."

बाप आधीच बघत होता. तो पुढं आला, एका पेंढीची गाठ धरून ओढली. ती सुटली नाही. त्याला कधीच सुटायची नाही.

पेशकार सुपारी चघळत आला. वाईट माणूस नव्हता. त्यानं बापाला ओळखलं. "बाकी का तो कब का गया, पटेल. भेजने को खोलके दबाना पडता, नाप के गठ्ठे बांधना पडता. तुम्हारा खोलना नै, लिखा है ना. हैदराबाद को पूछे. जवाब नै आया."

म्हणजे सगळ्या गावांचा कडबा सोडला, दाबला, नवे गठ्ठे केले आणि नेला. आमचा सोडायचा नव्हता. तसं ठरलं होतं, तसं लिहिलं होतं. परवानगी विचारली होती. परवानगी येईपर्यंत पाऊस आला.

"मग आता सोडा," बाप म्हणाला.

पेशकारानं ढिगाकडं बघितलं, बापाकडं बघितलं. "अब क्या सोडना, पटेल."

बाकीच्यांचं काय झालं मला माहीत नाही. बंदूक मिळाली की नाही, सूट मिळाली की नाही. त्या सगळ्या बोलाचालीत अक्षर न् अक्षर पाळली गेलेली अट मला एकच माहीत आहे, ती आमची. देशमुखांच्या परवान्यासारखी अट असती तर ती विसरली गेली असती, आणि कडबा गेला असता.

आम्ही घाट चढून घरी आलो. मला कुणी सांगितलं नव्हतं की बोलू नको. मी दारातूनच म्हणाले, "आई, तुज्या पेंढ्या तिथंच हायत. कुजल्या."

आई चुलीपाशी होती. तिनं वळून बघितलं नाही. "आन गाठी?"

"गाठी तशाच."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. "मग चांगल्या बांधल्या हुत्या," म्हणाली.

दिवाळीच्या आधी कागद आला. या वेळी मुन्शीचा नव्हता, छापील होता, मध्ये ग्यानबाचं नाव हातानं घातलेलं. मुलाणी चाचांनी तो दोनदा मनातल्या मनात वाचला, तेव्हाच सगळ्यांना कळलं. तापानं गेला, असं होतं. घोडीचं काय झालं ते नव्हतं. तारीख इंग्रजी महिन्याची होती, ती आपल्या कोणत्या महिन्यात बसते हे चाचांनाही सांगता येईना.

आईनं विचारलं, "गाड्या गेल्या त्याच्या आदी का मागनं?"

चाचा कागद पुन्हा लांब धरून बघत राहिले. त्यात ते नव्हतं.

"काय करायचंय त्याचं," बाप म्हणाला. पण आई ते पुढं कैक वर्षं विचारत राहिली, कुणी शिकलेला माणूस घरी आला की. मी चौथीपर्यंत शिकले, मला इंग्रजी महिने कळायला लागले, तोवर तो कागद उंदरांनी नेला होता.

लढाई सुरूच होती. पुढच्या सुगीत पुन्हा जवान आला, पुन्हा कचेरीत बोलाचाली. बाप गेला. पुन्हा जोड्यांपाशी बसला. वाडीचं नाव आलं तेव्हा कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "यंदा शर्त काय, पाटील?" आणि सगळे हसले. चाचा म्हणाले की बापही हसला. मला ते खरं वाटलं नाही. नंतर वाटलं. तो न हसता तर त्यांनी आणखी विचारलं असतं.

बाप म्हणाला, "मागाल ते घ्या. शर्त न्हाई."

घरी येऊन त्यानं आईला तेवढंच सांगितलं.  दुसऱ्या दिवशी रानात तिनं मला समोर बसवलं. पदर फाडून त्याच्या चिंधीनं माझा डावा हात कमरेला बांधला. गाठ अर्थात तिचीच, मला सुटण्यासारखी नव्हती. म्हणाली, "बांध पेंढी. उजव्या हातानं. सगळ्यावानी."

माझ्या पेंढ्या उकलायच्या. उचलली की ताटं पायावर सांडायची. ती पुन्हा समोर टाकायची. मी रडले तेव्हा तिनं थांबून मला रडू दिलं आणि झाल्यावर पुन्हा पेंढी पुढं सारली. तिनं स्वतः त्या वर्षी एकही बांधली नाही. तिच्या हाताला दुसरी गाठ येत नव्हती. ती नुसते आळे पिळून द्यायची, मी बांधायची, काकू बांधायची. सुगी संपेपर्यंत माझ्या पेंढ्या घट्ट बसायला लागल्या.

त्या साली आमच्या वाडीचा कडबा सगळ्या गावांच्या कडब्यात मिसळला. कोणता आपला ते कचेरीच्या आवारात बापालाही ओळखता आलं नाही. लगेच सोडला, दाबला, नेला. कुणाच्या घोड्यानं खाल्ला, खाल्ला की नाही, आम्ही विचारायला गेलो नाही.

काल दत्तूनं पुन्हा रेडिओ लावला. मी पेंढीवर गुडघा रोवून बसले होते.

"आई," तो म्हणाला, "परवाच्या त्या लहान देशानं अट घातली हुती बग. तू इचारत हुतीस ना. मंजूर झाली म्हणं. समद्यांनी सह्या केल्या."

"लिवून घेतली?"

"लिवूनच की."

मी पीळ खाली खोचला. बांधलेली पेंढी ढिगावर टाकली. ती इतरांच्या पेंढ्यांत पडली आणि कोणती माझी ते मलाच सांगता येईना. दुसरी पुढं ओढली. या इतक्या वर्षांनीही आधी डावा हातच पुढं येतो. मी त्याला मागं घेतलं.